आमच्याकडे असं खेळतात

मे महिन्यात आत्याकडे सगळी भावंडं जमली की मेंढीकोटाचा पहिला अर्धा तास खेळण्यात नाही, भांडण्यात जायचा. आमच्या घरी हुकूम ‘कट’चा. म्हणजे उतारीचा रंग हातात नसलेला पहिला गडी जे पान टाकेल, तो हुकूम. आत्याच्या दिरांची मुलं ‘बंद’ हुकूम खेळायची. एकाने एक पान पालथं घालून ठेवायचं आणि गरज पडली की उघडायचं. “आमच्याकडे असं खेळतात” हे वाक्य दोन्ही बाजूंनी चार-पाच वेळा म्हणून व्हायचं. शेवटी आत्या स्वयंपाकघरातून ओरडायची, “ज्याचं घर त्याचे नियम, आणि आवाज कमी!” मग मुकाट्याने बंद हुकूम. पत्त्यांच्या खोक्यावर ते छापणाऱ्या कंपनीचं नाव होतं, पण यातलं काही त्या कंपनीला विचारावं असं कोणाच्या मनातही आलं नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे २०२४ च्या सप्टेंबरमधला शेवटचा शनिवार. पुण्यात आमच्या भाड्याच्या फ्लॅटवर शनिवारी रात्री आम्ही चौघं जमतो. मी, माझा रूममेट, ऑफिसमधली एक मैत्रीण आणि कॉलेजपासूनचा एक मित्र. चौघंही इंजिनिअर, चौघंही तिशीच्या अलीकडचे. आम्ही मॅजिक खेळतो. पूर्ण नाव ‘मॅजिक : द गॅदरिंग’. हे नाव न ऐकलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. हा पत्त्यांचाच खेळ, पण यात सगळ्यांचा मिळून एक कॅट नसतो. प्रत्येकजण आपला डेक घरी जमवून आणतो. कार्डं सीलबंद पाकिटांतून विकत मिळतात आणि पाकिटात काय निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही. १९९३ पासून आजवर पंचवीस हजारांहून जास्त वेगवेगळी कार्डं निघाली आहेत. कुठली घ्यायची, कुठली कुठल्यासोबत चालवायची, ही खेळाची अर्धी मजा. उरलेली अर्धी मजा समोरच्याने काय आणलंय हे माहीत नसण्यात.

त्या शनिवारी आम्ही खेळलो नाही. भांडलो.

झालं असं की त्या आठवड्याच्या सुरुवातीला ‘ज्युएल्ड लोटस’ या कार्डावर बंदी आल्याची बातमी आली होती. रूममेटने ते आदल्या दिवाळीत न्यू जर्सीहून येणाऱ्या मावसभावाकरवी मागवलं होतं. किंमत मी सांगत नाही; माझ्या वाट्याला येणाऱ्या एका महिन्याच्या भाड्याएवढी होती, इतकंच. तो म्हणाला, “बंदी गेली खड्ड्यात. आपण घरी खेळतो. आपण ठरवू.” मैत्रिणीने मान डोलावली. कॉलेजचा मित्र मात्र डेक पिसता पिसता थांबला आणि म्हणाला, “वा. माझ्या झेरॉक्सच्या वेळी तुला नियम आठवले होते.”

त्याची गोष्ट अशी, की २०२३ मध्ये त्याची नोकरी गेली. तेव्हा त्याने बरीचशी कार्डं विकून टाकली. दोन महिने शनिवारी आलाच नाही. मग एकदा आला तो घरच्या प्रिंटरवर छापलेली, कात्रीने कापलेली कार्डं प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घालून. त्या रात्री रूममेट म्हणाला होता की मजेत खेळायला हरकत नाही, पण हे काही खरं मॅजिक नव्हे, खऱ्या खेळात अशी कार्डं चालत नाहीत. मित्र हसला होता. आम्हीही हसलो होतो. ते त्याने दीड वर्ष मनात ठेवलं होतं हे आम्हाला त्या शनिवारी कळलं.

आता यात खरं मॅजिक कुठलं? मी त्यानंतरचे काही आठवडे या खेळाचा इतिहास वाचत बसलो. मला वाटलं होतं एका कंपनीची गोष्ट वाचायला मिळेल. निघाली ती भलतीच.

१९९१ साली रिचर्ड गारफील्ड हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गणितात पीएचडी करत होता. विषय कॉम्बिनेटॉरिक्स, म्हणजे क्रम आणि निवडी मोजण्याचं गणित. त्याच्याकडे ‘रोबोरॅली’ नावाचा एक बोर्डगेम तयार होता आणि त्याला प्रकाशक हवा होता. तो आणि त्याचा मित्र माइक डेव्हिस पीटर ॲडकिसन नावाच्या माणसाला भेटले. ॲडकिसन दिवसा बोइंगमध्ये नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात सिॲटलजवळच्या आपल्या घराच्या तळघरातून ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ ही छोटी कंपनी चालवायचा. त्याने सांगितलं की रोबोरॅली छापणं मला परवडणारं नाही. त्याऐवजी असं काहीतरी दे जे खिशात मावेल, पटकन खेळून होईल आणि खेळांच्या संमेलनात दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात लोकांना बसल्या जागी खेळता येईल. म्हणजे खेळाचा जन्मच फावल्या वेळासाठी झाला. त्यानंतर लवकरच ओरेगनमधल्या मल्टनोमा धबधब्याजवळ फिरताना गारफील्डला कल्पना सुचली की सगळ्यांकडे सारखे पत्ते असायची गरजच काय?

ही कल्पना वाटते तितकी साधी नाही. कुठल्याही खेळाचे नियम सगळ्यांना आधीच माहीत असतात. मॅजिकमध्ये नियमांचा मोठा भाग कार्डांवरच छापलेला असतो, आणि कार्डाचं आणि नियमाचं पटलं नाही तर कार्ड जिंकतं. समोरचा असं कार्ड टाकतो जे आपण जन्मात पाहिलेलं नाही, आणि आपण ते उचलून वाचतो. या बाबतीत गारफील्डवर ‘कॉस्मिक एन्काउंटर’ या १९७७ च्या बोर्डगेमचा प्रभाव होता. तिथेही प्रत्येक खेळाडूला एकेक नियम मोडायची मुभा असते. (जाता जाता : २०१९ मध्ये तिघा संशोधकांनी मॅजिक ट्युरिंग-कम्प्लीट असल्याचं दाखवून दिलं. म्हणजे संगणक जे करू शकतो ते सगळं योग्य कार्डं योग्य क्रमाने मांडून करून घेता येतं, आणि म्हणून एखाद्या डावात पुढे कोण जिंकणार हे काढण्याची सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. हे मी ऑफिसात उत्साहाने सांगितलं तेव्हा मॅनेजरने शांतपणे विचारलं, तुझं तिकीट कधी बंद होणार?)

पहिल्या चाचणीला १२० पत्ते होते. ते दोघांत निम्मे-निम्मे वाटून रात्री उशिरापर्यंत खेळले गेले. मग विद्यापीठातली मित्रमंडळी आली, त्यांत ब्रिज क्लबची मंडळी होती. दोन वर्षं ही माणसं जाड कागदाचे कापलेले, झेरॉक्स केलेले पत्ते घेऊन खेळत राहिली. हे वाचून मी ती ओळ मित्राला पाठवली. जगातले पहिले मॅजिकचे पत्ते झेरॉक्स होते! त्याने उत्तरादाखल फक्त अंगठा पाठवला.

त्या चाचण्यांत एक गृहीतक होतं आणि पुढची सगळी रामायणं त्यातून झाली. प्रत्येकाकडे मोजकीच कार्डं असतील, असं ते गृहीतक. माणूस साठ कार्डांचा एक सुरुवातीचा संच घेईल, वर पंधरा कार्डांची दोन-चार पाकिटं घेईल आणि मित्रांशी अदलाबदली करत खेळेल. मग एखादं कार्ड अतिबलवान असलं तरी बिघडत नाही, कारण वाड्यातल्या वीसजणांत ते एकाकडेच असणार आणि त्याच्याकडे ते आहे हे सगळ्यांना माहीत असणार. ‘ब्लॅक लोटस’ हे सर्वांत गाजलेलं कार्ड याच हिशेबात बसत होतं. फुकट टाकायचं आणि लगेच तीन माना, म्हणजे तीन वळणांची शक्ती, एकदम मिळवायची. पहिल्या आवृत्तीत कार्डांवर दुर्मीळतेची कुठलीच खूण नव्हती. रंगीत खुणा आल्या त्या १९९८ मध्ये. आपल्याजवळचं कार्ड दुर्मीळ आहे की नाही हे इतरांकडे ते दिसत नाही एवढ्यावरूनच कळायचं.

आणि शर्त होती. मूळ नियमात डाव सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या डेकमधलं एक कार्ड न बघता काढून बाजूला ठेवायचं, आणि जिंकणाऱ्याने दोन्ही कार्डं घरी न्यायची. हा नियम वाचताच मला चिप्सच्या पाकिटातून निघणारे टॅझो आठवले. शाळेच्या जिन्याखाली आम्ही टॅझो उलटवायचो. आधी ठरायचं, खरं खरं की खोटं खोटं? खोटं खोटं असेल तर शेवटी ज्याचे त्याला परत. खरं खरं असेल तर गेले ते गेले. तिसरीत असताना मी एका मधल्या सुट्टीत अठ्ठावीस टॅझो हरलो. घरी येऊन इतका रडलो की आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली आणि त्यानंतर वर्षभर वर्गात मला कोणी खेळायला घेतलं नाही. टॅझो गेल्याचं दुःख आठवड्यात ओसरलं. दुसरं बरंच पुरलं.

गारफील्डच्या शर्तीचंही तसंच झालं. कार्ड सगळ्यांना सारखंच ‘काही नाही’ वाटतं तोवर शर्त गमतीची असते. हातून हातात फिरतं, आज माझं, पुढच्या आठवड्यात तुझं. पण कार्डाला बाजारात भाव आला की तोच नियम जुगार होतो, आणि जिन्याखाली कोणीतरी रडतं. शर्तीचा उल्लेख असलेली एकूण नऊ कार्डं निघाली, त्यांतलं शेवटचं १९९५ मध्ये. आज सगळ्या अधिकृत प्रकारांत त्यांना बंदी आहे. पण कंपनीने रद्द करायच्या आधीच घरोघरी लोकांनी हा नियम सोडून दिला होता. “आमच्याकडे शर्त नसते.” एवढं म्हटलं की झालं.

खेळ बाजारात आला ऑगस्ट १९९३ मध्ये. पहिल्या आवृत्तीत २९५ वेगवेगळी कार्डं होती आणि एकूण छापली होती २६ लाख. बेल्जियममधल्या कार्टा मुंडीने ती छापली. ती बघता बघता संपली. ऑक्टोबरमध्ये ७३ लाख छापली, तीही संपली. आणि गारफील्डचं गृहीतक कोसळलं. लोकांनी दोन-चार पाकिटं घेतली नाहीत. खोकीच्या खोकी घेतली.

याचा परिणाम खेळावर काय झाला ते ‘प्लेग रॅट्स’ या साध्या कार्डावरून समजतं. टेबलावर जितके उंदीर तितकी प्रत्येक उंदराची ताकद, असं हे कार्ड. डेकमध्ये दोन-तीन असतील तर गंमत. पण सुरुवातीच्या नियमांत एक कार्ड कितीही वेळा चालायचं आणि डेक चाळीसचा असला तरी पुरायचं, तेव्हा ज्याच्याकडे पैसे आणि चिकाटी आहे तो वीस-पंचवीस उंदीर घेऊन यायचा. अशा डेकशी एकदा खेळणं मजेचं. दुसऱ्यांदा का खेळायचं? म्हणून १९९४ च्या सुरुवातीला स्पर्धांसाठी नियम आले : किमान साठ कार्डं, एक कार्ड जास्तीत जास्त चार वेळा, आणि काही कार्डं एकदाच. उपाय योग्य होता. पण उपायाबरोबर आणखी काही आलं. आता ‘स्पर्धेचा नियम’ नावाची एक गोष्ट अस्तित्वात आली, आणि घरातल्या भांडणात तिचा दाखला देता येऊ लागला. त्याच वर्षी पहिली जागतिक स्पर्धा झाली, १९९६ मध्ये न्यू यॉर्कला व्यावसायिक खेळाडूंची प्रो टूर सुरू झाली. खेळात रोख बक्षिसं आली.

भाव तर आधीच आला होता. १९९५ मध्ये कंपनीने ‘क्रॉनिकल्स’ या संचात जुनी कार्डं पुन्हा छापली. नव्या खेळाडूंना बरं वाटलं, साठा करून बसलेल्यांचे भाव पडले, आरडाओरडा झाला. १९९६ मध्ये कंपनीने एक यादीच जाहीर केली की ही कार्डं आम्ही पुन्हा कधीही छापणार नाही. ते वचन आजही पाळलं जातं. मला हा या इतिहासातला सर्वांत वाईट निर्णय वाटतो. खेळ बनवणाऱ्यांनी वचन दिलं ते खेळणाऱ्यांना नाही, साठवणाऱ्यांना. ब्लॅक लोटस आज काचेसारख्या कडक प्लास्टिकमध्ये सीलबंद असतं. ते पिसलं जात नाही.

पिसले न जाणारे पत्ते मी त्याआधी एकदा पाहिले होते, सावंतवाडीच्या राजवाड्यात. तिथली दशावतारी गंजिफा : दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२० गोल पत्ते, हाताने रंगवलेले, वर लाखेचा थर. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी संस्थानातली ही कला मरता मरता वाचवली, त्याबद्दल त्यांचे उपकारच. मी एक छोटा संच घेतला. तो आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. घरी येणारा प्रत्येकजण सुंदर आहे म्हणतो. तिघांनी बसून तो कसा खेळतात हे विचारणारा अजून एकही भेटलेला नाही, आणि विचारलं तर मलाही आकडा-हुकमापलीकडे धड सांगता येणार नाही. पत्ते वाचले, पण खेळ वाचायला पत्ते पुरत नाहीत, खेळणारे लागतात.

मॅजिकचं तसं झालं नाही, याचं श्रेय मी अलास्काला देतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अलास्कातला ॲडम स्टेली आणि त्याचे मित्र एक घरगुती प्रकार खेळायला लागले. १९९४ च्या ‘लेजंड्स’ या संचात पाच एल्डर ड्रॅगन होते. दिसायला भव्य, पण टेबलावर आणायला इतके महाग की स्पर्धेत त्यांना कोणी विचारत नसे. या मंडळींनी ठरवलं की प्रत्येकाने एक ड्रॅगन सेनापती म्हणून घ्यायचा, आणि त्याच्यामागे शंभराच्या डेकमध्ये एक कार्ड एकदाच. मूळ जमिनी तेवढ्या कितीही. ‘हायलँडर’ सिनेमात शेवटी एकच उरतो, म्हणून नाव पडलं ‘एल्डर ड्रॅगन हायलँडर’. दोघांऐवजी चार-पाचजणांनी एकत्र बसायचं. एका ड्रॅगनचा घाव सात, तेव्हा तीन घाव बसले की माणूस बाद, म्हणून एकवीसचा आकडा. आज ड्रॅगन कोणी फारसे खेळत नाही, पण एकवीस अजून नियमात आहे. जुन्या कोडमध्ये असा एखादा आकडा सापडतो, तो का आहे हे कोणाला ठाऊक नसतं आणि काढायची कोणाची हिंमत होत नाही, तसा.

‘एक कार्ड एकदाच’ या नियमाने काय होतं पाहा. उंदरांची फौज बाद. बलवान कार्ड असलं तरी शंभरात एक, हाती येईल याची खात्री नाही. नव्व्याण्णव वेगवेगळी कार्डं भरायची तर कपाटात धूळ खात पडलेली, हास्यास्पद, स्पर्धेने नाकारलेली कार्डं लागतात. समोरचा पुन्हा असं काहीतरी टाकतो जे आपण जन्मात पाहिलेलं नाही आणि आपण पुन्हा ते उचलून वाचतो. गारफील्डने जो खेळ बनवला होता आणि जो पहिल्या वर्षातच विक्रीमुळे हातातून निसटला होता, तो यांनी कंपनीला न विचारता परत बनवला.

हे पसरलं ते शेल्डन मेनरी या माणसामुळे. तो अमेरिकी हवाई दलात होता, मॅजिकचा वरिष्ठ पंच होता. अलास्कात असताना त्याने हा प्रकार पाहिला, थोडे नियम बदलले आणि मोठ्या स्पर्धांना जाताना सोबत नेला. दिवसभर इतरांचे तंटे सोडवून दमलेले पंच रात्री हॉटेलात हे खेळायचे. मला हा तपशील फार आवडतो. जगातल्या सर्वांत काटेकोर नियमांचे राखणदार दिवस संपल्यावर स्वतःसाठी काय निवडतात, तर शंभर विचित्र कार्डांचा चौघांचा गोंधळ. त्यांनी एक छोटी समिती केली, वेबसाइट केली. पगार नाही, मालकी नाही. आणि सगळ्या नियमांच्या आधी त्यांनी एक शून्यावा नियम मानला : तुमच्या टेबलावरच्या सगळ्यांचं एकमत असेल तर बाकीचे नियम बदला. आत्याला हा नियम ऐकवला तर ती म्हणेल, यात नवीन काय?

२०११ मध्ये कंपनीने या प्रकारासाठी पाच तयार डेक विकायला काढले आणि नाव दिलं ‘कमांडर’. नियम मात्र समितीकडेच राहिले. पुढची तेरा वर्षं एक अजब व्यवस्था चालली. कमांडर हा मॅजिकचा सर्वांत लोकप्रिय प्रकार झाला, १९९९ पासून हॅस्ब्रोसारख्या अवाढव्य कंपनीच्या मालकीचा असलेला हा धंदा त्यावर उभा राहिला, आणि त्यात काय चालेल काय नाही हे ठरवत होते मूठभर बिनपगारी मित्र. आमच्या क्षेत्रातल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. अर्धं जग ज्या ओपन सोर्स लायब्ररीवर चालतं ती कुणीतरी रविवारी दुपारी सांभाळत असतो, आणि काही बिघडलं की सगळे त्याच्यावरच चिडतात.

कंपनी मग थेट कमांडरसाठी कार्डं बनवायला लागली. ज्युएल्ड लोटस त्यांतलंच, नोव्हेंबर २०२० चं. ब्लॅक लोटसचा धाकटा भाऊ : फुकट टाका, तीन माना घ्या, पण त्या फक्त आपला सेनापती आणण्यासाठी. दुसऱ्या कुठल्या प्रकारात त्याचा काडीचा उपयोग नाही. घरगुती खेळासाठी बनवलेलं महागडं कार्ड, असा हा प्रकार. ज्याच्याकडे ते असतं त्याचा सेनापती पहिल्या-दुसऱ्या वळणाला उभा, बाकीचे अजून जमिनी मोजतायत.

कॉपी कार्डांबद्दलही एक तपशील सांगायलाच हवा. २०२२ मध्ये तिसाव्या वर्धापनदिनानिमित्त कंपनीने जुन्या कार्डांच्या नव्या प्रती काढल्या. स्वतःच्या वचनातून पळवाट म्हणून पाठीमागचं चित्र वेगळं, आणि अधिकृत स्पर्धेत त्या चालत नाहीत. पंधरा कार्डांची चार पाकिटं, आत काय निघेल ते नशीब, किंमत ९९९ डॉलर. म्हणजे त्या वेळचे ऐंशी हजार रुपये, साठ झेरॉक्ससाठी.

शेल्डन मेनरी सप्टेंबर २०२३ मध्ये कॅन्सरने गेला. वर्षभराने, २३ सप्टेंबर २०२४ ला, समितीने चार कार्डांवर बंदी घातली. त्यांत ज्युएल्ड लोटस होतं, आणि ‘माना क्रिप्ट’ हे तसंच महागडं जुनं कार्ड होतं. कारण सरळ होतं : ही कार्डं पहिल्या दोन वळणांतच डाव एकतर्फी करतात आणि चौघांची रात्र वाया जाते. खेळ म्हणून पाहिलं तर निर्णय अगदी बरोबर. पण लोकांनी त्यात पैसे घातले होते. एका रात्रीत भाव कोसळले. समितीतल्या लोकांना शिव्या आल्या, धमक्या आल्या. पत्त्यांच्या खेळात कुठली चार पानं चालणार नाहीत एवढं सांगितल्याबद्दल, फुकट काम करणाऱ्या माणसांना धमक्या. आठवड्याभरात समितीने हात वर केले. ३० सप्टेंबरला कंपनीने जाहीर केलं की यापुढे कमांडर आम्ही सांभाळू. अलास्कातल्या मित्रांचा खेळ अशा रीतीने कंपनीच्या घरी गेला. आणि त्याला तिकडे ढकलणारे हात खेळाडूंचेच होते.

आमचं भांडण झालं तो शनिवार या दोन तारखांच्या मधला.

रूममेट वाईट माणूस नाही. पैसे गेल्याचं त्याला लागलं होतं आणि ते लागणं खरं होतं. पण मित्राच्या बोलण्याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आपलं कार्ड वाचवायला तो टेबलाचा अधिकार मागत होता, आणि दीड वर्षापूर्वी मित्राच्या कार्डांना नाव ठेवताना त्याने कंपनीचा अधिकार पुढे केला होता. बराच वेळ कोणी बोललं नाही. मित्र डेक आवरून बॅगेत भरायला लागला. मला उगाच तिसरीतली मधली सुट्टी आठवली.

मग मैत्रीण म्हणाली, “लोटस चालू दे. पण मग सगळ्यांकडे चालू दे. छाप आम्हा तिघांना.”

रूममेटने तिच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मित्राकडे बघायला जरा वेळ लागला. “त्या दिवशी मी बोललो ते चूक होतं,” तो म्हणाला. “घरी प्रिंटर तुझ्याकडे आहे. पुढच्या वेळी येताना छापून आण.” मित्राने बॅगेची चेन लावली, पण उठला नाही. चहा झाला. त्या रात्री आम्ही बदाम सात खेळलो.

पुढच्या शनिवारी तो तीन लोटस घेऊन आला. कडा वाकड्या कापलेल्या, निळी शाई संपत आल्यामुळे पाकळ्या लालसर. चौघांच्या शंभरात एकेक. पहिल्या डावात मैत्रिणीच्या पहिल्याच हातात ते आलं. दुसऱ्या वळणाला तिचा सेनापती उभा, सातव्या मिनिटाला आम्ही तिघं बाद. दुसऱ्या डावात माझ्याकडे आलं, तसाच निकाल. तिसऱ्या डावाआधी रूममेटने न बोलता आपल्या डेकमधून लोटस काढलं आणि त्या जागी कपाटातलं एक बेडकाचं कार्ड घातलं. मग आम्हीही काढली.

तो डाव पावणेतीन तास चालला. मध्ये एकदा बेडकाचं कार्ड टेबलावर आलं. ते कोणीच वाचलेलं नव्हतं. मित्राने ते उचललं, दिव्याखाली धरलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.